डावीकडून म्हणजे कुठून?

किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा नियम मी 19 वर्षांपासून शिकवते आहे. फळ्यावर दोन अक्ष काढायचे, उभ्यावर किंमत, आडव्यावर मागणी, आणि पाठ झालेलं वाक्य म्हणायचं: मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. चार वर्षांखाली बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गात हे वाक्य संपतं न संपतं तोच पहिल्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, डावीकडून म्हणजे कुठून?"

मुलगा जन्मापासून अंध. थट्टा करत नव्हता. ही रेषा सुरू कुठं होते, काढलीय कशावर आणि उतरते म्हणजे नेमकं काय करते, हे त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "तुला परीक्षेत आकृतीची सूट आहे रे, काळजी करू नको." आणि वर्ग पुढं गेला.

तो शिकायला काहीतरी मागत होता आणि मी त्याला न शिकण्याची परवानगी दिली. वर ती मायेनं दिली. आपल्या कॉलेजांत दिव्यांग मुलांसाठी जे काही केलं जातं, त्यातलं बरंचसं याच जातीचं आहे. आपण सूट देतो. शिकवायची वेळ आली की आपल्याकडे काही नसतं, कारण अभ्यासक्रम आखताना तो मुलगा कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हता.

'दिव्यांगस्नेही कॉलेज' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रॅम्प. कॉलेजांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधीच्या उन्हाळ्यात रॅम्प होतो, रेलिंगला पिवळा रंग बसतो, जिओटॅग फोटो निघतो आणि तो फाइलला लागतो. बारा फूट लांबीला एक फूट चढ, हा उताराचा साधा दंडक आहे. माझ्या पाहण्यातल्या एका रॅम्पवर शिपायाची मोटारसायकल पहिल्या गिअरमध्येसुद्धा कुंथत चढते. पण रॅम्प नीट असला तरी प्रश्न उरतोच. चाकाच्या खुर्चीतली मुलगी वर्गात पोचली, पुढं काय? भूगोलाचं प्रात्यक्षिक दुसऱ्या मजल्यावर आहे. सहलीचा अहवाल गुणांना आहे आणि सहल किल्ल्यावर जाते.

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, प्रवेशाच्या वयात 5 वर्षांची सवलत आहे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर याच जागांचा खटला होता, तेव्हा इमारतींबरोबर शिकवण्याच्या पद्धतीचाही मुद्दा निघाला होता. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद भरपूर आहेत. प्राचार्यांच्या कपाटात ते आहेत, माझ्याकडेही होते. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मात्र त्यातलं एक अक्षर उतरलेलं नाही. तिथं घटक, श्रेयांक, संदर्भग्रंथांची यादी आणि गुणांची विभागणी असते. हे सगळं कोण वाचणार, कसं वाचणार, याचा रकानाच नसतो.

आता माझी दुसरी चूक सांगते, कारण ती जास्त उपयोगाची आहे. त्या मुलाला मी माझ्या नोट्सचं पीडीएफ पाठवलं. मोठ्या उदारपणे. त्याच्या मोबाइलवर टॉकबॅक चालू असतं. पडद्यावर जे असेल ते फोन वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो हसतच आला. "मॅडम, तुमचं पीडीएफ इंग्रजीत शिव्या द्यायलंय." ऐकवलं त्यानं मला. "के एस, डॉट, एल कंस, एफ..." अर्धा मिनिट मला कळेचना, की हा माझाच मजकूर आहे.

झालं होतं असं. आपल्याकडचं मराठी टायपिंग वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये झालेलं आहे. झेरॉक्सच्या दुकानात, डीटीपीवाल्याकडे, कॉलेजच्या ऑफिसात. या फॉन्टमध्ये डोळ्याला 'किंमत' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा असतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला त्यात जागा 1991 पासून आहे. युनिकोडात टाइप केलेलं मराठी फोन सरळ वाचतो, त्यात शब्द शोधता येतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं वाचक सॉफ्टवेअर आहे, ते फुकट आहे आणि मराठी वाचतं. म्हणजे यंत्र केव्हाचं तयार बसलेलं आहे. आम्हीच त्याला वाचण्याजोगं काही देत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तर विचारूच नका. पुस्तकाचा फोटो तो, त्यावर फोन मुका होतो. जुन्या फॉन्टचं पीडीएफ निदान शिव्या तरी देतं.

तोवरच्या 15 वर्षांच्या माझ्या नोट्स मी त्या दिवाळीच्या सुट्टीत युनिकोडात आणल्या. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, चुका हातानं दुरुस्त कराव्या लागतात. काम कंटाळवाणं होतं, अवघड अजिबात नव्हतं. खर्च शून्य रुपये. सुट्टीनंतर त्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकल्या. नंतर कळलं, की वर्गातल्या 11 मुली त्या नोट्स कानानं ऐकतात. अकराही जणींची नजर चांगली आहे. कुणी भाकरी करताना ऐकते, कुणी एसटीत. एकीनं सांगितलं, "वाचायला बसले की कुणी ना कुणी काम सांगतंय. हेडफोन घातला की गाणी ऐकायली म्हणून सोडून देतात."

इथं मला अमेरिकेतल्या एका वास्तुरचनाकाराची आठवण काढावी लागते. रॉन मेस त्यांचं नाव. लहानपणी पोलिओ झाला, पुढं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. इमारत उभी राहिल्यावर अपंगांसाठी मागच्या बाजूनं वेगळी वाट काढण्यापेक्षा, पुढचं दारच सगळ्यांना जमेल असं का काढू नये, हा त्यांचा विचार. हाच धागा डेव्हिड रोझ आणि अ‍ॅन मायर यांनी शिक्षणात आणला. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसह कास्ट ही संस्था सुरू केली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आशय एकाहून अधिक वाटांनी समोर ठेवा, समजलेलं दाखवायलाही एकाहून अधिक वाटा द्या, आणि मुलाला त्यात गुंतायची कारणंही एकच एक ठेवू नका. एवढंच. पण हे अभ्यासक्रम लिहायला बसतानाच करायचं असतं. तीस जूनला पुस्तिका छापून झाल्यावर आणि मार्चमध्ये एक अर्ज आल्यावर नव्हे.

मराठवाड्यात या विचाराला दुसरं एक वजन येतं. आमच्याकडे वर्गाबाहेर राहणारी मुलं फक्त दिव्यांग नाहीत.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. आता आमच्या सत्रांचं वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा बहुधा दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्राचा जवळजवळ सगळा अध्यापनकाळ हंगामाच्या पोटात. ज्या पोरीचं बारावीनंतर लग्न झालं आणि जी कोयत्याला गेली, तिच्यासाठी 75 टक्के हजेरीचा नियम म्हणजे काय? कागदोपत्री आम्ही तिची हजेरी लावतो. तेही एक सूट देणंच झालं. शिकवणं नाही.

एसटीचंही तसंच. पहिला तास साडेसातला. मुक्कामी गाडी ज्या गावाला आहे तिथली पोरं पोचतात, बाकीच्यांची पहिली गाडी तालुक्याला येते साडेनऊला. म्हणजे साडेसातचा तास ज्या विषयाचा, तो विषय वर्षभर ठरावीक सहा गावांच्या पोरांनाच शिकवला जातो. आमच्या विभागानं तीन वर्षं सांख्यिकी पहिल्या तासाला ठेवली आणि तीन वर्षं 'मुलं गणितात कच्ची' म्हणून नाकं मुरडली. वेळापत्रक लावणं हे कारकुनी काम वाटतं. मला आता वाटतं, अभ्यासक्रमाच्या आखणीतला तो पहिला निर्णय आहे.

अंध विद्यार्थ्यासाठी म्हणून मी प्रत्येक घटकाचे आठ-दहा मिनिटांचे आवाजी तुकडे करायला लागले. आकृती शब्दांत सांगायची, 'इथं', 'तिथं', 'असं' हे शब्द टाळायचे, एवढा एक नियम. टोमॅटोचा भाव 10 रुपये असताना आठवडी बाजारात किती विकला जाईल, 20 झाल्यावर किती, 40 झाल्यावर किती, प्रत्येक वेळी बोट थोडं वर आणि थोडं डावीकडे. घरी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून दोन अक्ष आणि एक वक्र केला. त्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हां, म्हणजे घसरगुंडी आहे." पाठीमागच्या दोघींनी तो पुठ्ठा मागून घेतला. डोळस पोरी, बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्या. वक्र त्यांना पाठ होता. उमगला तो त्या दिवशी.

ते आवाजी तुकडे फिरत फिरत कोल्हापूरकडच्या एका उसाच्या फडात पोचले. आमच्याच वर्गातली विद्यार्थिनी, नवऱ्याबरोबर गेलेली. परीक्षेला आली तेव्हा म्हणाली, मोळ्या बांधताना ऐकायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहून, पहाटे चारला उठून ऊस तोडणाऱ्या मुलीनं पदवीही तशीच मिळवावी, ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. पण तिच्यासाठी मी वेगळं काहीच केलेलं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याच्यासाठी केलं तो दुसराच होता.

हे सांगताना एक भीतीही आहे. 'सगळ्यांसाठी' म्हटलं की ज्याचा मूळ हक्क तो गर्दीत हरवतो. ऊसतोडीच्या मुलीचा प्रश्न आणि अंध मुलाचा प्रश्न एकाच औषधानं बरा होत नाही. कर्णबधिर मुलीला युनिकोडच्या नोट्स मिळाल्या म्हणून वर्गातलं बोलणं ऐकू येणार नाही. तिला सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो, आणि तालुक्याच्या कॉलेजात तो कुठून आणणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, बोललेलं थोडक्यात फळ्यावर लिहायचं, व्हिडिओ दाखवला तर खाली अक्षरं असलेला दाखवायचा, एवढं आम्ही करू शकतो. तेवढ्यानं तिचं निम्मंही भागत नाही. ब्रेल, लेखनिक, दुभाषा यांवरचा खर्च 'आता आमचा अभ्यासक्रमच सर्वसमावेशक आहे' असं म्हणून कुणी वाचवायला निघालं, तर त्याला पहिला विरोध माझा असेल.

आता दर्जाचा आक्षेप. स्टाफरूममध्ये तो रोज ऐकते. "अशानं दर्जा काय राहील?" मी उलट विचारते, आपण मोजतो काय? मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे समजलं का ते मोजतो, की तीन तासांत किती पुरवण्या भरल्या हे मोजतो? अर्थशास्त्राच्या कुठल्या सिद्धान्तात हस्ताक्षराचा वेग येतो? परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यायची तरतूद आहे, ती काही भीक नव्हे. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूनं निकाल दिला. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी लेखनिक नाकारता येणार नाही, असं सांगितलं. म्हणजे अडचण खरी आहे का हे पाहायचं, टक्के मोजत बसायचं नाही. काही ठिकाणी मात्र आक्षेप रास्त आहे. रसायनशास्त्रात अनुमापन (टायट्रेशन) हातानं करता यावं हेच जर शिकवायचं असेल, तर ते निबंधानं भागणार नाही. पण मग 'हे कौशल्य आवश्यक' असं अभ्यासक्रमात स्पष्ट लिहा, आणि बाकीच्या नव्वद गोष्टींत वाट मोकळी करा. आपण उलट करतो. काय आवश्यक ते कधी ठरवतच नाही, म्हणून सगळंच आवश्यक होऊन बसतं.

खोट्या प्रमाणपत्रांचा मुद्दाही कुणीतरी काढतंच, आणि आपल्या भागात तो हवेतला नाही. पण जरा विचार करा: खोटा कागद लोक कशासाठी काढतात? जे मोजक्यांनाच मिळतं त्यासाठी. वाचता येणाऱ्या नोट्स, ऐकता येणारा धडा, तोंडी किंवा लेखी यातला पर्याय, हे जर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला मिळणार असेल, तर त्यासाठी खोटं प्रमाणपत्र कोण काढेल? खऱ्या दिव्यांग मुलाचीही जिल्हा रुग्णालयाच्या रांगेतून, युडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या फेऱ्यांतून तेवढी सुटका होईल. निदान शिकण्यापुरती.

लेखनिकाची गोष्ट इथंच सांगते. आपला लेखनिक आपण आणला, तर तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. नियम वाईट नाही. पण खेड्यात ऐन परीक्षेच्या दिवसांत, मराठीत अर्थशास्त्र शुद्ध लिहू शकणारा, दोन आठवडे मोकळा असलेला बारावीचा पोरगा शोधा बरं. त्याचीही परीक्षा चालू असते. माझ्या विद्यार्थ्याचा लेखनिक दुसऱ्या पेपरला आलाच नाही. तो पेपर त्यानं ज्याच्याकडून लिहून घेतला, त्याला 'सीमांत उपयोगिता' हे दोन शब्द प्रत्येक वेळी अक्षर-अक्षर सांगावे लागले. 20 मिनिटं तिथंच गेली. त्याच मुलाला मोबाइलवर मराठी बोलून टाइप करता येतं. संगणकावर, निरीक्षकासमोर, इंटरनेट बंद ठेवून त्यानं स्वतः पेपर लिहावा, ही सोय करायला किती खर्च येईल?

आपल्या भागाला हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. निजामाच्या राज्यात 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. विद्यापीठानं वर्ग भरवण्याआधी भाषांतराचा विभाग उघडला होता, इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणून ठेवायला. आखणी म्हणून ते काम अव्वल होतं. फक्त त्या आखणीत मराठी घरातला पोरगा नव्हता. त्यानं हैदराबाद गाठायचं, उर्दू शिकायची, मग विषय शिकायचा. त्या मुलांची बुद्धी कमी होती असं आज आपण कुणी म्हणत नाही. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढं मिलिंद नावानं ओळखलं गेलेलं. तिथं नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहं आली. खेड्यातला दलित मुलगा प्रवेशाच्या दाराशी अडत नाही, राहायचं कुठं आणि खायचं काय इथं अडतो, हे त्यांना ठाऊक होतं. विद्यापीठ आलं ते त्यानंतर, ऑगस्ट 1958 मध्ये.

आणि आखणीत आम्ही कच्चे आहोत असंही नाही. लातूर पॅटर्न काय आहे? मुलगा कुठं चुकतो हे पाहून आखलेली सराव परीक्षांची, उजळणीची, वेळापत्रकाची अत्यंत बारीक मांडणी. ती सगळी हुशारी आपण गुणवत्ता यादीच्या टोकाला लावली. त्यातली चिमूटभर बी.ए. प्रथम वर्षाला लावली असती तर?

कोण करणार हे सगळं, हा शेवटचा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. जागा भरलेल्या नाहीत. माझ्या विभागात पूर्णवेळ मी एकटी, बाकी दोघे तासिका तत्त्वावर. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थांबून. नोट्स युनिकोडात आणण्याचे, आवाजी तुकडे करण्याचे पैसे कुठल्याच देयकात बसत नाहीत. त्यांना 'सेवाभाव' सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून हे काम एकेका शिक्षकाच्या सुट्टीवर सोडू नये, असं माझं म्हणणं आहे. एका विद्यापीठात एका विषयाचा अभ्यासक्रम शेकडो कॉलेजांत शिकवला जातो. वाचनसाहित्य विद्यापीठानं एकदा नीट केलं, तर शेकडो जणांची दिवाळी वाचेल. नव्या शैक्षणिक धोरणामुळे संलग्न कॉलेजांतले पदवीचे अभ्यासक्रम 2024-25 पासून वर्षागणिक नव्यानं लिहिले जात आहेत. छापून झाले की चार-पाच वर्षं त्यांना कुणी हात लावणार नाही.

तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढं मला तीनच गोष्टी मांडायच्या आहेत. संदर्भग्रंथांच्या यादीतलं निदान एक पुस्तक प्रत्येक घटकासाठी युनिकोडात उपलब्ध असल्याशिवाय तो घटक मंजूर करू नये. अंतर्गत मूल्यमापनात तोंडी, लेखी आणि ध्वनिमुद्रित असे तीन पर्याय सर्व विद्यार्थ्यांना असावेत, अर्ज न करता. आणि प्रश्नपत्रिकेत 'आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा' असं जिथं येतं तिथं 'आकृतीच्या किंवा उदाहरणाच्या साहाय्याने' असं लिहावं. तिसरी मागणी क्षुल्लक वाटेल. आमच्या विद्यार्थ्यानं मागणीचा नियम टोमॅटोच्या भावांसह, पायरी-पायरीनं, घसरगुंडीसकट लिहवून घेतला होता. तपासणाऱ्यानं आकृती नाही म्हणून गुण कापले. सूट होती, पण उत्तरपत्रिकेवर तसा शिक्का मारायचा राहून गेला होता.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. असे विषय नेहमी 'अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय' म्हणून शेवटी घेतात, आणि तोवर निम्मे सदस्य गावाकडची शेवटची गाडी गाठायला उठलेले असतात. म्हणून या खेपेला मी आधीच लेखी दिलं आहे. युनिकोडात टाइप करून.